पाणी ओसरेपर्यंत

वंदना,

परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे बोलले. तुझ्या केंद्रातल्या बाया बोलल्या, शेजारचे गुरुजी बोलले, आपली पोरगी प्रज्ञा बोलली. मग माईक माझ्याकडे आला. मी तुझी जन्मतारीख सांगितली, नोकरीला लागल्याची तारीख सांगितली, कुठल्या आरोग्य उपकेंद्रावर किती वर्षं काढलीस ते सांगितलं, त्यांची बेरीज सांगितली आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने माणसाचा आवाज बसला आहे. तसं नव्हतं. जे बोलायचं होतं ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं आणि दुसरं काही मला सुचेना. घरी येताना प्रज्ञा म्हणाली, "बाबा, तुमी तर आईचा बायोडाटा वाचला."

बोलायचं होतं ते हे. या हिवाळ्यात तू माझ्याकडे एकच गोष्ट तीनदा मागितलीस. तिन्ही वेळा मी 'थांब' म्हणालो. तू थांबलीस आणि मग गेलीस. मी तुला थांबवलं ते बरोबर होतं की चूक, हे मला कोणाकडूनही ऐकायचं नाही. लोक चांगलंच बोलतील. मला ते तुझ्यासमोर तपासायचं आहे, आणि तू समोर नाहीस म्हणून लिहितो आहे.

सुरुवात मी हिमाचलातल्या त्या नाल्यापासून करतो, कारण थांबण्यावरून आपलं पहिलं मोठं भांडण तिथे झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

पण त्याआधी तुझी गाडी. तू गाडी शिकलीस ती मला न विचारता, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. मुलचेऱ्याकडे तुझी बदली होती. लसींचा डबा घेऊन आरोग्य केंद्राच्या जीपमध्ये तू बंगाली गावांतून आणि त्यांच्यापलीकडच्या गोंडांच्या वाड्या-टोल्यांतून फिरायचीस. जीपचा ड्रायव्हर मल्लय्या, सिरोंच्याकडचा, निम्मं तेलुगू बोलणारा. एकदा त्याला जंगलातच ताप भरला आणि तू त्याला बाजूला बसवून, तो सांगेल तसं करत, पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये ती जीप केंद्रापर्यंत आणलीस. त्यानंतर त्याने तुला रीतसर शिकवलं. मला हे चार महिन्यांनी कळलं. मी किती अंतर, किती वेग, परवाना कुठे आहे, असे प्रश्न विचारले. तू म्हणालीस, "पोचली न मी? मंग."

जंगल सफारीतून निघालेली जुनी जिप्सी आपण घेतली तेव्हाही मी विरोधातच होतो. ती घेण्याची कारणं तू सांगितलीस, न घेण्याची मी कागदावर लिहून दिली. माझी नऊ होती, तुझं एक होतं, आणि गाडी अंगणात आली. तिचा हिरवा रंग ठेवायचा की पांढरा द्यायचा, यावर आपण महिनाभर बोललो. शेवटी पांढरा दिला आणि वर्षभरात दारांच्या कडांमधून हिरवा दिसायला लागला. तू दर वेळी बोट लावून दाखवायचीस, म्हणजे तूच बरोबर होतीस असं.

मी गाडी चालवत नाही. शिकलो नाही. तू चालवायचीस आणि मी डाव्या बाजूला वही घेऊन बसायचो. कुठल्या किलोमीटरला फाटा, कुठे नाल्यावरचा बसका रपटा, कुठे दगडी उतार, हे मी लिहायचो आणि परत येताना वाचून दाखवायचो. चार चाकांचा जोर लागायचा तेव्हा उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरच्या कड्या हाताने फिरवायच्या, तेही माझं काम. गुरुजींनी एकदा फाटकाशी उभं राहून विचारलं होतं, "काय हो, बाई चालवते अन् तुमी बाजूले बसता?" तू स्टिअरिंगवरूनच म्हणालीस, "त्यायले वाचता येते, मले चालवता येते. तुमाले काय येते, गुरुजी?" गुरुजी आठ दिवस आपल्याकडे पेपर न्यायला आले नाहीत.

तुझ्या स्वेच्छानिवृत्तीनंतरच्या जूनमध्ये आपण हिमाचलला निघालो. प्रज्ञा म्हणाली, आईबाबांचं डोकं फिरलं आहे. मी सहा दिवसांचा रस्ता लिहून काढला होता, त्याला आठ दिवस लागले. मनालीच्या पुढे बोगदा ओलांडला, ग्राम्फूला मी गाडीच्या ट्रिपमीटरचा आकडा शून्य केला आणि तिथून डांबर संपलं. पुढे बातलपर्यंत जेमतेम पन्नास किलोमीटर. नदी उजव्या हाताला, डाव्या हाताला सुटे दगड टाकणारा डोंगर आणि मध्ये एका गाडीपुरता रस्ता, तोही निम्म्या ठिकाणी नाल्याचा तळच. झाड नाही. आपल्याकडचा माणूस झाडाशिवाय इतका वेळ कधी राहत नाही. तू दोन तासांनी म्हणालीस, "इथी लघवीले जायचं तरी कुठी?"

ती वाट फार कठीण नव्हती. तिथे मोटारसायकलीही जातात. पण सोपीही नव्हती. चाक कुठल्या दगडावर ठेवायचं हे प्रत्येक वेळी ठरवावं लागत होतं आणि तू ते ठरवत होतीस. मी तुझ्या हातांकडे बघायचो. अंगठे तू स्टिअरिंगच्या बाहेर ठेवायचीस, आत नाही. दगडाने चाक फिरलं की स्टिअरिंग झटका देतं आणि अंगठा मोडतो, हे मल्लय्याने शिकवलेलं. बायांची बाळंतपणं करताना तुझे हात असेच चालत असतील, असं मला वाटलं. तोंडाने मात्र रस्त्याकडे बघ म्हणालो.

एकतीस पूर्णांक चार किलोमीटरला तो नाला आला. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं.

आपल्याकडे नाला चढला की काय करतात, हे आपल्या दोघांनाही शिकवावं लागत नाही. रपट्यावरून पाणी वाहायला लागलं की दोन्ही बाजूंना माणसं थांबतात. कोणी पाण्याच्या कडेला दगड ठेवतो, कोणी काडी रोवतो. मग तंबाखूचा खर्रा घोटत बसायचं. दोन-अडीच तासांत दगड कोरडा पडतो, काडी चिखलात उघडी पडते, आणि पहिली मोटारसायकल उतरते. तू लसीचा डबा मांडीवर घेऊन असं कितीतरी वेळा बसलीस. मी तर आयुष्यभर दुसरं काही केलंच नाही. नदीच्या काठी उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत चढवायचा, पावसाळ्यात तासातासाला. चढलेलं पाणी उतरतं. वर पाऊस थांबला असेल तर लवकर उतरतं. आणि त्या दिवशी आकाशात एक ढग नव्हता.

मी खुणा पाडलेली काठी घेऊन उतरलो आणि मोजलं. अडतीस सेंटीमीटर. आपल्या गाडीची मर्यादा मी घरूनच पंचेचाळीस धरून निघालो होतो. तू म्हणालीस, "मंग बसते की. चला, कड्या फिरवा." मी म्हणालो, तीस होऊ दे. तू माझ्याकडे पाहिलंस. "पंचेचाळीस तुमीच म्हटलं न जी?" मी म्हणालो, पंचेचाळीस ही शेवटची, तीस ही सुरक्षित. दोन तास थांबू, आपोआप उतरेल. एक ट्रक आला आणि न थांबता पार गेला. तू हाताने ट्रक दाखवलास. मी त्याच्या चाकाचा व्यास सांगितला.

तू भांडली नाहीस. इंजिन बंद केलंस. तुला माझा आकडा पटला नव्हता, पण पाण्याच्या बाबतीत तू माझं ऐकायचीस, कारण ते माझं काम होतं. हे तेव्हा मला साधं वाटलं होतं. आता त्याचं ओझं होतं.

मी काठावर दगड ठेवला. पंधरा मिनिटांनी दगड पाण्याखाली. मला वाटलं, नीट ठेवला नसेल. दुसरा ठेवला. बाराला एक्केचाळीस, एकला सेहेचाळीस, दोनला त्रेपन्न. मी तळाला जाऊन पुन्हा पुन्हा मोजत होतो, जसं काही काठीच खोटी आहे. आकाश स्वच्छ, ऊन कडक आणि पाणी चढतंय. तीनला साठ झालं तेव्हा रस्त्याच्या कामावरचा एक मजूर, झारखंडचा, घमेलं डोक्यावर घेऊन आला आणि माझी दगडांची रांग बघून हसायला लागला. "ऊपर बरफ है ना साहब. धूप चढ़ेगी तो पानी चढ़ेगा. सुबह आना था." मग त्याने विचारलं, कुठले. तू चंद्रपूर सांगितलंस. तो म्हणाला, "उधर बरफ नहीं गिरता?"

तू बोनेटला धरून हसलीस. त्या उंचीवर हसायला दम पुरत नव्हता तरी हसलीस. "भाऊ, हमारे यहाँ तो पंखा भी आग फेंकता है." आणि मग माझ्याकडे वळून, "साहेबांचा आकडा चुकला जी. थांबा, मले पेढे वाटू द्या."

मला राग आला होता. तुझा नाही. मी तीस वर्षं जे लिहून काढलं होतं ते त्या ठिकाणी उलटं होतं, आणि ते मला एका घमेलं वाहणाऱ्या माणसाने एका वाक्यात सांगितलं होतं. त्या मजुरांच्या तंबूत आपल्याला काळा चहा मिळाला. रात्र गाडीत काढली. तू माझ्या पायांवर तुझी शाल टाकलीस आणि मी ती परत तुझ्या पायांवर टाकली, असं बराच वेळ चाललं.

सकाळी पाच चाळीसला एकवीस सेंटीमीटर होतं. मी कड्या फिरवल्या. बोटं इतकी गार होती की उजवी कडी नीट बसली की नाही हे मी डोळ्यांनी तपासलं. तू गाडी चार चाकांच्या 'लो'मध्ये टाकलीस, पहिल्या गिअरला, आणि उतरलीस. मल्लय्याचा नियम तू मोठ्याने म्हणत होतीस, नाल्यात शिरलं की क्लचले पाय लावाचा नाई, थांबाचं नाई. अर्ध्यावर पुढचं डावं चाक एका दगडावर चढलं, गाडी माझ्या उलट बाजूला कलली आणि उजव्या दाराच्या फटीतून पाणी तुझ्या पायांशी आलं. थांबायचं नाही म्हणतेस आणि आता काय करशील, असं माझ्या मनात आलं. तू थांबली नाहीस. वेग तेवढाच ठेवून स्टिअरिंग हातभर डावीकडे घेतलंस, दगड पोटाखालून खरवडत गेला, आणि आपण पलीकडे. तू इंजिन चालू ठेवूनच कपाळ स्टिअरिंगला टेकवलंस. मी वहीत लिहिलं, ३१.४, नाला, पार. बाकी काही लिहिलं नाही.

पुढे कुंझुम खिंडीच्या चढाला वळणं सुरू झाली. मी मोजत होतो आणि अजून किती उरली ते सांगणार होतो. तू म्हणालीस, "किती राह्यले ते नका सांगू. आलं का दिसेलच."

त्या नाल्याचा वाद आपण चार वर्षं चालवला. जेवताना, बाजारात, प्रज्ञाच्या सासरी पाहुण्यांसमोर. तुझं म्हणणं, अडतीसला तू गाडी काढली असतीस. माझं म्हणणं, पाण्याला ओढ होती आणि तळ दिसत नव्हता. तू म्हणायचीस, तळ सकाळी तरी कुठे दिसत होता. हे खरं होतं, पण मी मान्य केलं नाही. मला ते आज मान्य आहे. पण एकट्याने वाद हरता येत नाही, समोर कोणीतरी जिंकणारं लागतं.

गेल्या पावसाळ्यात तुला जिना चढताना दम लागायला लागला. मग हातापायांवर निळे डाग. मग नागपूर. रक्ताचा आजार, त्याचं लांबलचक नाव मी पाठ केलं, तू केलं नाहीस. तुझ्या प्लेटलेट्सचे आकडे मी वहीत चढवायला लागलो. तारीख, वेळ, आकडा. तू आयुष्यभर दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचलेस, पण स्वतःचा एकही हातात घेतला नाहीस. मी लॅबमधून आलो की चहा ठेवता ठेवता विचारायचीस, "काय म्हणते तुमची नदी?" मी आकडा सांगायचो. तू मान हलवायचीस, जसं गावातल्या कोणाबद्दल ऐकलं.

डिसेंबरात पहिल्यांदा मागितलंस. मुलचेऱ्याला जायचं. मालतीकडे. मालती म्हणजे तुझ्या तिथल्या नऊ वर्षांतला तुझा उजवा हात, बंगाली गावातली, तुझ्याबरोबर रात्रीबेरात्री प्रसूतीला उभी राहणारी. तिच्या गावातून पुढच्या टोल्यावर जाणारी चौदा किलोमीटरची जंगलवाट आहे, तीन नाले आणि एक दगडी घाट असलेली. तू म्हणालीस, "एकदा तो रस्ता मी माझ्या हातानं चालवीन. मंग काई नाई मांगत." आकडा बासष्ट हजार होता. डॉक्टर म्हणाले होते, पन्नास हजारांच्या वर असेल तर फिरायला हरकत नाही, बेताने. पन्नासच्या खाली गेलं तर धक्के टाळा, आत रक्त सुटू शकतं. मी तुला म्हणालो, लाख होऊ दे.

"डॉक्टर तर पन्नास म्हणे."

मी म्हणालो, पन्नास डांबरी रस्त्यासाठी.

डॉक्टर असं म्हणाले नव्हते. हे आज पहिल्यांदा सांगतो आहे. डांबरी रस्ता मी घातला. लाख मी ठरवला. त्या नाल्यावर मर्यादा पंचेचाळीस असताना मी तीस ठरवला होता, तसाच.

जानेवारीच्या शेवटी दुसऱ्यांदा. चोपन्न हजार. आपण ओसरीवर बसलो होतो, तू ऊन घेत होतीस. म्हणालीस, "अजून चार हजार वर आहे न." मी म्हणालो, पुढचा रिपोर्ट येऊ दे, औषध बदललं आहे. फेब्रुवारीच्या शेवटी तिसऱ्यांदा, तेव्हा एक्केचाळीस. आता तर डॉक्टरांचाही आकडा माझ्या बाजूने होता. तू फक्त म्हणालीस, "चला न जी." मी म्हणालो, थोडं थांब, वाढेल. तू "बरं" म्हणालीस. आपल्या सत्तावीस वर्षांत तू माझ्या कुठल्या म्हणण्याला नुसतं 'बरं' म्हटलेलं मला आठवत नाही.

त्यानंतर तू मागितलं नाहीस. महिन्याभरात तू गेलीस.

तेव्हापासून बारा दिवस मी स्वतःला एक गोष्ट सांगतो आहे. नाल्यावर झाली तीच चूक इथे झाली. मी आपल्याकडचा माणूस, चढलेलं उतरतं आणि उतरलेलं चढतं, थांबलं की होतं, एवढंच मला येतं. हात जसा वळला होता तसाच वळला. चूक होती, पण प्रामाणिक होती. हे मला बरं वाटत होतं. प्रज्ञाला सांगितलं, तीही म्हणाली, बाबा, तुमी आईच्या भल्यासाठीच केलं. ती असं म्हणेल हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तिला सांगितलं असेल.

काल दुपारी तुझा फोन वाजला. मी उचलला. पलीकडून कोणी नाव विचारलं नाही, सरळ म्हणालं, "दीदी, गाडी बनली का तुमची?"

मालती होती. तिला कळलेलं नव्हतं. तुझ्या जुन्या केंद्रावरचे सगळे बदलून गेले, कोणी कळवलं नाही, आणि मीही नाही. मी सांगितलं. ती फोन न ठेवता रडली, मी ऐकत राहिलो. मग बोलायला लागली, थोडं मराठी, थोडं हिंदी, मध्ये बंगाली. तू तिला डिसेंबरात येते म्हणून कळवलं होतंस. मग परत फोन करून सांगितलंस, गाडीचा क्लच गेला. जानेवारीत पुन्हा येते म्हणालीस, आणि मग सांगितलंस की मिस्त्री भाचीच्या लग्नाला गेला, गाडी उघडी पडली आहे. फेब्रुवारीत म्हणालीस, आता ही गाडीच विकायची म्हणतो आम्ही, दुसरी घेतली की येऊ. तिन्ही वेळा मालतीच्या नवऱ्याने तलावातले मासे आणून टाकीत जिवंत ठेवले होते. तिसऱ्या वेळी शेजाऱ्यांना वाटून टाकले. मालती म्हणाली, "त्या गाडीनं धोका दिला दीदीले."

मी ते तसंच ठेवू शकलो असतो. तू सगळं नीट लावून ठेवलं होतंस. कोणाची चूक नव्हती, गाडीची होती, आणि गाडीला काही वाटत नाही. जिने कधी पेशंटला खोटा दिलासा दिला नाही, ती माझ्यासाठी तीनदा खोटं बोलली, क्लच आणि मिस्त्री आणि भाचीचं लग्न जुळवून. पण ती नोंद चुकीची होती, आणि चुकीची नोंद मला पुढे नेता येत नाही.

मी म्हणालो, "मालतीबाई, गाडी बिघडली नव्हती. तेव्हाही चालू होती, आताही अंगणात चालू उभी आहे. मीच तिला येऊ दिलं नाही."

ती म्हणाली, "काऊन, दादा?"

मी तिला सगळं सांगितलं. पन्नास, लाख, बासष्ट, चोपन्न, एक्केचाळीस. तिने ऐकून घेतलं. तिने तुझ्याबरोबर किती जन्म पाहिले आणि त्यातले किती उलटे गेलेले पाहिले, तिला आकड्यांची भीती नाही. मला वाटलं, आता ती प्रज्ञासारखंच काहीतरी बोलेल. तिने विचारलं,

"दादा, आकडा वाढणार नव्हता, हे तुमाले मालूम होतं का?"

बारा दिवसांचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. नाल्याची गोष्ट, आपल्याकडची रीत, हात वळण्याची सवय. ते तोंडातून आलं नाही.

"होतं," मी म्हणालो. "जानेवारीच्या रिपोर्टलाच."

"आन् दीदीले?"

"तिलाही."

"मंग दोघंबी एकमेकांसोबत काऊन नाई बोलले?"

मग ती रविवारच्या गाडीने येते म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

वंदना, नाल्यावर मी खरोखर चुकलो होतो. तिथे मला पाणी कळलं नव्हतं. इथे कळलं होतं. जानेवारीत तो कागद मी लॅबच्या पायरीवर उघडला, औषध बदलूनही आकडा खाली आलेला पाहिला, आणि ऊन असताना चढणारं पाणी कसं दिसतं हे मी एकदा पाहिलेलं होतं. मी ते ओळखलं. मग सायकलवर बसून घरी आलो आणि तुला म्हणालो, पुढचा रिपोर्ट येऊ दे. लाख म्हटलं की अजून वेळ आहे असं वाटत होतं. तुझ्याबरोबर त्या रस्त्यावर गेलो असतो, तर ती तुझी शेवटची फेरी आहे हे जाताना आपल्या दोघांच्या मध्ये बसलं असतं, आणि परत येतानाही. मला ते नको होतं. तुला चालणार होतं. तू तर मागत होतीस. मी तुझ्या रक्ताला जपत नव्हतो, मी मला जपत होतो. आणि तू ते बघितलंस, माझ्या वतीने क्लच मोडलास, आणि 'बरं' म्हणालीस.

परवा विहारात माझ्या हातात माईक होता. त्याआधी जानेवारीत, ओसरीवर, तू माझ्या समोर होतीस. चोपन्न हजार होते. रस्ता कोरडा होता. गाडीत पेट्रोल होतं. म्हणायचं होतं ते फार नव्हतं. मला माहीत आहे, चल. चारच शब्द होते.